रुईच्या लग्नाच्या आठ तबकड्या

माणसाचा आवाज अमर करण्याचं महत्कार्य ठाण्यात सुरू झालं आहे, असं आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी साताऱ्यात भर सभेत जाहीर केलं आणि ते स्थळ पाहून येण्यासाठी मला पाठवलं. मी पाहून आलो. ते कार्य नौपाड्यात पलंग-कपाटांच्या एका दुकानामागच्या खोलीत चालतं. तेही फक्त दुपारी एक ते दोन, कारण शेजारचा सुतार तेवढाच वेळ हातोडा खाली ठेवून जेवायला जातो.

पाठवण्याचं कारण असं. एका देणगीदाराने वाचनालयाला ग्रामोफोन दिला. ग्रामोफोन आला म्हणजे ध्वनिमुद्रिका विभाग हवा, आणि विभाग आला म्हणजे त्यात पहिली तबकडी अध्यक्षांची हवी, हे ओघानेच आलं. 'ग्रंथ आणि मानव' हे त्यांचं भाषण काटछाट करूनही आठ तबकड्यांचं होत होतं. मोठ्या कंपनीने नम्र नकार कळवला. ठाण्यात एक गृहस्थ स्वतःच्या हिमतीवर तबकड्या काढतात असं कुणीतरी सांगितलं. अध्यक्ष महिनाअखेर जातीने जाणार होते. ती जागा त्यांच्या भाषणाला साजेशी आहे की नाही, हे मी आधी पाहायचं होतं.

पौषातल्या एका गार पहाटे मी निघालो. बरोबर दशम्या, घोंगडी आणि अध्यक्षांच्या भाषणाची सुवाच्य प्रत. रात्री पुण्यात मुक्काम केला. दुसऱ्या पहाटे पुण्याहून पुढे गाडीत मी ते भाषण दोनदा वाचलं. खंडाळ्याच्या घाटात बोगदा आला की डब्यात अंधार होई आणि वाचन थांबे. उजेड आल्यावर आपण कुठे होतो ते शोधावं लागत नसे. कुठूनही सुरू केलं तरी चालत होतं.

ठाण्याला टांगा केला. टांगेवाल्याने मासुंदा तलावाला पूर्ण वळसा घालून मला नौपाड्यात आणून सोडलं. स्टेशनापासून नौपाडा चालत सात-आठ मिनिटांवर आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तलाव मात्र पाहण्यासारखा आहे.

दुकानाच्या फळीवर वर 'मजबूत सागवानी फर्निचर' आणि खाली लहान अक्षरांत 'बगळा छाप रेकॉर्ड' अशी पाटी होती. बगळा एका पायावर उभा होता. या धंद्याची एकंदर स्थिती पाहता ते चित्र प्रामाणिक म्हणायला हवं.

बगळा छापचे मालक, ध्वनिमुद्रक, विक्रेते आणि हमाल हे सगळे मिळून एकच गृहस्थ होते. नाव पास्कल. वय चाळिशीच्या आसपास. ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतले. पोर्तुगीजांच्या काळात धर्म बदलला तरी मराठी आणि भातशेती बदलली नाही, अशा घरातले. दहा वर्षं ते मालवाहू बोटींवर खानसामे होते. मी धोतर नेसलेला आणि चष्मा लावलेला, म्हणून त्यांनी मला पहिल्या वाक्यापासून मास्तर ठरवून टाकलं. मी ग्रंथपाल आहे असं दोनदा सांगून पाहिलं.

"तेच ते, मास्तर," पास्कल म्हणाले. "बसा. फुग्या (तळलेले पोकळ गोल पाव) खा. नाताळच्या उरल्यात."

फुग्या खाता खाता मी विचारलं की बोटीवरच्या स्वयंपाक्याला हे कुठून सुचलं. त्यांनी उठून कपाटातून एक तबकडी काढली. तिच्यावरच्या कागदी चकतीवर अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदराचा पत्ता होता. गाद्यांच्या दुकानाचा.

"हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं," ते म्हणाले. "दक्षिणेकडचं बंदर. बोट तीन आठवडे अडकलेली. मी काळ्या लोकांच्या वस्तीत फिरायला गेलेलो. न्हाव्याच्या दुकानात गाणं चाललेलं, असलं गाणं की न्हाव्याचा वस्तरा ठेक्यात चालत होता. गिऱ्हाईक जीव मुठीत धरून. मी विचारलं, कुठल्या कंपनीचं? तर म्हणाला, कंपनी कसली, चौथ्या दुकानातला गादीवाला. मोठ्या कंपन्या ह्या लोकांना दारात उभं करत नसत. मग तिथेच कोणी गादीवाला, कोणी रेडिओ दुरुस्त करणारा, मागच्या खोलीत यंत्र मांडून बसला. गल्लीतली पोरगी बोलवायची, गाणं भरायचं, आणि मोटारीत टाकून खानावळीखानावळीत नेऊन द्यायचं. आधी त्या तबकड्यांना जातीवरून नाव होतं. आता बरं नाव दिलंय. ऱ्हिदम अँड ब्लूज."

"म्हणजे काय?"

"ताल आणि दुःख."

"दोन्ही एकदम?"

"एकाला सोडून दुसरं चालत नाही, मास्तर."

त्यांनी ती तबकडी लावली. मला गाण्यातलं फार कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांच्याशी माझं जमत नाही. प्रथम वाटलं की शेजारच्या घरात भांडण लागलंय आणि भांडणारे ताल सांभाळून भांडतायत. पेटीसारखं काहीतरी किंचित बेसूर वाजत होतं. एक बाई एक ओळ टाकायची, तीन-चार पुरुष ती उचलायचे. ती पुन्हा टाकायची, हे पुन्हा उचलायचे. ती काय म्हणते ते एक अक्षर कळलं नाही. तिचं काहीतरी हरवलंय एवढं मात्र कळलं. सव्वातीन मिनिटांत संपलं. आमच्याकडे एवढ्या वेळात आभारप्रदर्शनाची प्रस्तावनासुद्धा होत नाही.

"आपल्या इथे कोण गातं, मग मी विचार केला," पास्कल म्हणाले. "मोठी कंपनी मुंबईत. तिला नाटकवाले पाहिजेत, सिनेमावाले पाहिजेत. मिठागरावरच्या बायकांना कोण विचारतो? गादीवाल्याला जमतं तर मलाही जमेल."

आतापर्यंत त्यांनी पाच तबकड्या काढल्या होत्या. मिठागरावरच्या बायकांची एक, एका नाखव्याची (होडीच्या तांडेलाची) एक, हळदीला वाजणाऱ्या बँडची एक. राहिलेल्या दोन कुणाच्या, हे त्यांनी सांगायचं टाळलं.

मी अध्यक्षांच्या भाषणाचा विषय काढला. पास्कलनी पलंगाखालून एक लाकडी खोकं ओढलं. आत आठ कोऱ्या तबकड्या होत्या. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एका बाजूने काळा, चकचकीत, मेणासारखा मऊ लेप. यंत्राची सुई त्या लेपात आवाज कोरते. परदेशी माल, आणि आयातीवर बंदी. पुढच्या कधी मिळतील याचा भरवसा नव्हता.

"आठच आहेत," ते म्हणाले. "तुमच्या साहेबांसाठी राखून ठेवल्यात. माझा शब्द आहे."

एवढ्यात एक वाजला, शेजारचा हातोडा थांबला आणि दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या.

एक सत्तरीची, काटक, आगरी पद्धतीचं गुडघ्यावर आलेलं लुगडं, गळ्याला फडकं गुंडाळलेलं. दुसरी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. म्हातारीचं नाव चांगुणाबाय, मुलगी तिची नात हिरा. डोंबिवलीच्या खाली खाडीकाठी त्यांचं गाव. हिराचा ठरलेला नवरा बोटीवर खलाशी होता. एके काळी तो पास्कलबरोबर एकाच बोटीवर असे, म्हणून ती त्यांना मामा म्हणायची.

"मामा, डॉक्टरकडून आलो," हिरा म्हणाली. "गाठ हाय घशात. येत्या गुरुवारी मुंबईला कापायची. जीव वाचंल म्हनतात. आवाज नाय वाचायचा."

चांगुणाबाय दाराच्या चौकटीला टेकून कपाटं बघत होती. आपल्या गाठीपेक्षा तिला सागवानाचा दर्जा महत्त्वाचा वाटत असावा.

पास्कलनी मला थोडक्यात समजावलं. आगरी लोकांच्या लग्नात धवलारीण असते. ती धवला (लग्नविधीचं गाणं) म्हणते आणि एकेक विधी पार पडत जातो. हळद लावायची ओळ आली की हळद लागते, पाण्याची ओळ आली की पाणी येतं. भटजी नसला तर चालतं, धवलारीण नसली तर लग्न लागलं असं त्या गावात कुणी धरत नाही. गावात धवला उचलून म्हणणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पहिली ओळ टाकणारी एकटी चांगुणाबाय. हिराचं लग्न फाल्गुनात, नवरा बोटीवरून परत आल्यावर. तोवर आजीकडे आवाज असणार नव्हता.

"म्हनून आजीचा आवाज भरून द्या," हिरा म्हणाली. "आजच. सुतार यायच्या आत."

पास्कलनी एकदा त्या खोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मायक्रोफोन पुढे ओढला.

"ह्याच्या तोंडाशी गा, बाय."

चांगुणाबायने मायक्रोफोनकडे पाहिलं. मग खोलीत इकडेतिकडे पाहिलं.

"लगीन कुनाचं हाय?" तिचा आवाज घोगरा होता, पण खालून कुठूनतरी भरीव यायचा.

"लगीन नाही. नुसतं भरून ठेवायचं."

"लगीन नाय, नवरा नाय, हलद नाय, आन धवला गावाचा?" ती म्हणाली. "उगाच धवला म्हटला तं ज्या घरात म्हटला त्या घराला लागतं. तुज्या दुकानाला लागंल. पलंग खपाचे नाय."

"लग्न आहे असं समजायचं, बाय."

"जेवलो असं समजून पोट भरतं का रं तुजं?"

पास्कल मायक्रोफोनची तार गुंडाळू लागले. मी दोन वेळा तर्कशास्त्राचं पुस्तक वाचलेलं आहे, त्यात हे उदाहरण नव्हतं. हिरा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पौषात कुणाचं लग्न असणार? महिनाभर कुठेच नाही. आणि गुरुवार पाच दिवसांवर आला होता.

चांगुणाबायची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

"ये कोन?"

"मास्तर आहेत. साताऱ्याचे."

"बायका किती केल्या?"

मी म्हटलं, "दोन."

"हाईत?"

"नाहीत. दोघीही गेल्या."

पहिली इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. ती सतरा वर्षांची होती, मीही फार मोठा नव्हतो. दुसरी चार वर्षांमागे विषमज्वराने. हे मी तिथे बोललो नाही. चांगुणाबायने फक्त मान हलवली, सुताराने फळी घेताना हलवावी तशी.

"मंग तिसरी रुई," ती म्हणाली.

वाचकांपैकी तरुणांसाठी सांगतो. ज्याच्या दोन बायका गेल्या त्याने तिसरं लग्न करण्यापूर्वी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं, म्हणजे जे काही संकट असेल ते झाडावर जातं, अशी आपल्याकडे जुनी चाल आहे. तिच्यावर माझा विश्वास नाही. तिसरं लग्न करण्याचा विचारही नव्हता. मी तसं सांगितलं.

"तुला करायचं नसंल तं नको करू," चांगुणाबाय म्हणाली. "रुईशी लगीन खरं असतं. मना तेवढं पुरं."

"पण आजी, पौष आहे," हिरा म्हणाली.

"झाडाला कसला गं पौस?"

आता प्रश्न फक्त तबकड्यांचा उरला. एखादी इकडेतिकडे चालली असती, पण पुऱ्या लग्नाला आठही लागणार होत्या. पास्कलनी खोकं पुन्हा पलंगाखाली ढकललं. शब्द म्हणजे शब्द, असा त्यांचा चेहरा होता. आठही तबकड्या आमच्या अध्यक्षांच्या होत्या, आणि तिथे अध्यक्षांचा प्रतिनिधी म्हणून मी बसलो होतो. निर्णय मला घ्यायचा होता. भाषण मी दोनदा वाचलं नसतं तर तो कठीण गेला असता.

"वाचनालयाची हरकत नाही," मी म्हटलं.

शेजारी हातोडा सुरू झाला.

रविवार ठरला. गावात वीज नव्हती आणि पास्कलचं यंत्र विजेशिवाय हलत नव्हतं, म्हणून आम्ही सकाळी आधी कल्याणला गेलो. तिथे ट्रक दुरुस्त करणारा त्यांचा एक ओळखीचा होता. त्याने एक मोठी बॅटरी काढून दिली. बॅटरीची वीज यंत्राला मानवेल अशी करून देणारा एक जड डबा पास्कलकडे होता.

"कशाला पाहिजे?" मिस्त्रीने हात पुसत विचारलं.

"लग्नाला."

"लाउडस्पीकर लावताय?"

"उलटं रे. तो आवाज बाहेर फेकतो. आम्ही आत घेणार."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. "आणि हे?"

"नवरदेव."

मिस्त्रीने बॅटरीचं भाडं आगाऊ मागितलं. कल्याणचे लोक व्यवहारी असतात.

कल्याणच्या बंदरावरून होडी केली. दुर्गाडीचा बुरूज मागे पडला. दोन्हीकडे तिवरांची झाडी, मधून मधून भाताच्या कापलेल्या खाचरांचा पिवळा पट्टा, पाण्यावर बगळे. पास्कलच्या छापासारखे एका पायावर उभे, फक्त जास्त निश्चिंत. गाव दिसू लागलं तेव्हा होडीवाला म्हणाला, "सुकती लागली (ओहोटी सुरू झाली)." आणि होडी चिखलात रुतून उभी राहिली.

"आता?"

"आता भरती. नायतर पाय."

भरतीला चार-पाच तास होते. धोतर खोचून आम्ही उतरलो. यंत्र पास्कल आणि होडीवाला यांनी उचललं, बॅटरीसाठी होडीवाला पुन्हा एक खेप करणार होता, आणि तबकड्यांचं खोकं माझ्या डोक्यावर आलं. गुडघाभर चिखलातून पाय उपसत, ज्यांच्यावर 'ग्रंथ आणि मानव' उमटायचं होतं ते आठ पत्रे डोक्यावर घेऊन मी नवरदेव वरात नसलेल्या वाटेने चाललो. अध्यक्षांनी पाहिलं असतं तर ज्ञानाचा भार वगैरे काही म्हटलं असतं. चिखल काहीच म्हणत नाही. त्याने माझी डावी वहाण ठेवून घेतली.

गावात पोहोचल्यावर बायकांनी आधी पाय धुवायला पाणी दिलं आणि मग जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि पोपटी (मडक्यात पाल्याबरोबर भाजलेल्या वालाच्या शेंगा). मी सुकी मासळी खात नाही म्हटल्यावर एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "तरीच दोनी गेल्या." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

रुई घरामागच्या बांधावर होती. कमरेएवढी, करड्या जाड पानांची, जांभळट फुलांची. तिला हिरव्या बांगड्या आणि खण बांधला होता. माझ्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. माझं वय पंचावन्न आहे. मला वाटलं होतं की मला हसू येईल.

पास्कलनी यंत्र चौरंगावर मांडलं. एका बाईने मायक्रोफोनलाही हळदीचं बोट लावलं. तो नवऱ्याकडून आलेला, म्हणून मानाचा. बायका अर्धवर्तुळात बसल्या, पंधरा-वीस असतील. पास्कलनी सांगितलं की एका तबकडीत तीन मिनिटं मावतात आणि ती संपत आली की ते हात वर करतील, तेव्हा थांबायचं. चांगुणाबायने गळ्याचं फडकं सोडून ठेवलं, डोळे मिटले आणि पहिली ओळ टाकली.

तो आवाज कसा होता हे मला लिहिता येणार नाही. गोड नव्हता. त्यात गाठ ऐकू येत होती. कोरडी जमीन नांगरताना फाळाचा येतो तसा काहीसा. ओळ संपली की सगळ्या बायका ती उचलायच्या, आणि तेवढ्यात चांगुणाबाय श्वास घ्यायची. पुन्हा टाकायची. पुन्हा त्या उचलायच्या. तिने देवांना आवतण दिलं, खाडीला दिलं, मिठाला दिलं, आणि मग नवऱ्याचं नाव घेऊन त्याला पाटावर बसवलं. ते नाव माझं होतं. माझ्या दोन्ही लग्नांत भटजींनी गोत्र-प्रवर म्हटलं होतं, मंगलाष्टकं म्हटली होती. पण मला कुणी असं नावाने हाक मारून बसवलं नव्हतं.

तेव्हा मला ती गादीवाल्याची तबकडी आठवली. इकडे एक बाई टाकते, बाकीचे उचलतात. तिचं काहीतरी हरवलंय. शब्दांची गरज नाही.

पास्कलनी हात वर केला. चांगुणाबाय थांबली नाही. डोळे मिटलेलेच होते, आणि उघडे असते तरी ती थांबली नसती. लागलेलं लग्न मध्येच थांबवत नाहीत. सुई तबकडीच्या शेवटाशी पोहोचली, ओळ अर्धी आत गेली आणि अर्धी बाहेर हवेतच राहिली. पास्कल घामाघूम झाले. दुसरी तबकडी चढवून सुई ठेवायला त्यांना मिनिटभर तरी हवं होतं, आणि तेवढ्यात गाण्याचा मोठा तुकडा निसटणार होता.

हिराने ते पाहिलं. ती बायकांकडे वळून एवढंच म्हणाली, "हलद वाटायची हाय गं!"

आणि बायकांनी हातातली ओळ धरून ठेवली. तीच ओळ, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मागाहून कळलं ते असं. लग्नात कधी हळद वाटून झालेली नसते, कधी दिवा विझतो, कधी नवऱ्याचा मामा सापडत नाही. तेव्हा धवला थांबवायचा नाही, पुढेही न्यायचा नाही. हवी ती वस्तू येईपर्यंत बायका तीच ओळ फिरवत राहतात आणि धवलारीण गप्प बसते. पास्कलनी यंत्रापुढे कितीही डोकं खाजवलं असतं तरी जे सुटलं नसतं, ते या बायकांच्या पणज्यांनी सोडवून ठेवलं होतं. चांगुणाबाय डोळे मिटून वाट पाहत राहिली. पास्कलनी मान हलवली. हिरा म्हणाली, "झाली हलद." पुढची ओळ पडली.

असं सात वेळा झालं. दरवेळी हळद वाटायची राहिलेली असायची.

सुई कोरत जाते तशी तबकडीवरून लेपाचा केसासारखा काळा दोरा निघत जातो. तो पास्कल ब्रशने बाजूला ओढायचे. हिराने तो ओंजळीत गोळा केला.

"मामा, ह्यात आजीचा आवाज हाय?"

"नाही गं. तो काढून टाकलेला भाग. आवाज जिथे खड्डा पडला तिथे."

तिने तरी तो टाकला नाही.

आठव्या तबकडीवर चांगुणाबायने पहिलं कडवं पुन्हा घेतलं. धवल्याची गाठ तशीच मारतात, सुरुवात शेवटी पुन्हा म्हणून. देव आले, खाडी आली, मीठ आलं. मग नावाची जागा आली. मी, खरं सांगतो, माझ्या नावाची वाट पाहत होतो.

ती गप्प राहिली.

बायका गोंधळल्या, पण एकीनेही ओळ उचलली नाही, कारण टाकलीच नव्हती. यंत्राची घरघर आणि लांब कुठेतरी बगळ्याची हाक. नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा मोजून ती थांबली आणि पुढचे शब्द म्हणाली. नवरीच्या नावाशीही तसंच. तेवढीच रिकामी जागा.

गाठ मारून झाल्यावर तिने गळ्याला फडकं गुंडाळलं.

"लगीन लागायच्या आदी नाव घ्यायचं नसतं," ती पास्कलना म्हणाली. "फागनात पोरी भरतील नाव."

हिरा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. म्हातारीने तिच्या केसांवरून हळदीचा हात फिरवला आणि म्हणाली, "उठ. मास्तरला वहान दे कुनाची तरी."

जाताना तबकड्या वाटल्या गेल्या. सात हिराच्या. पहिली मला. तिच्यात माझं नाव होतं, शिवाय ती मध्येच तुटलेली. तुटलेला धवला नव्या घरात ठेवत नाहीत. मी ती घेतली. माझी लग्नं मध्येच तुटण्याची मला सवय आहे.

यंत्र आणि बॅटरी भरतीच्या होडीवर सोपवून डोंबिवली स्टेशनापर्यंत आम्ही कापलेल्या खाचरांतून चालत आलो. डोंबिवली हे तेव्हा नुकतंच गाव सोडून शहराकडे निघालेलं ठिकाण होतं. नवे बंगले, अंगणात तुळशी, ओट्यावर मुंबईहून परतलेले कारकून. एका ओट्यावर रेडिओ चालू होता आणि कुणीतरी भाषण करत होतं. पास्कल थांबले, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "ह्याला तीन मिनिटांची तबकडी द्यायला पाहिजे." माझ्या एका पायात माझी वहाण आणि एका पायात हिराच्या बापाची होती. त्या दिवशी दोन्ही बरोबर चालल्या.

साताऱ्यात कार्यकारिणीची सभा भरली. अध्यक्षांनी विचारलं, जागा कशी आहे? मी म्हटलं, शांत आहे, एक ते दोन. तबकड्या? संपल्या. कशात? एका लग्नात. कुणाच्या? मी म्हटलं, माझ्या. मग कोषाध्यक्षांनी सूचना मांडली, चिटणिसांनी अनुमोदन दिलं आणि माझ्या अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत झाला. वधूची चौकशी कुणी केली नाही.

फाल्गुनात पास्कलचं पत्र आलं. चांगुणाबाय वाचली. बोलता येत नाही, पण हाताने सगळ्यांना कामाला लावते. हिराच्या लग्नात ती ग्रामोफोनशेजारी पाटावर बसली होती. लोखंडी सुईने तो मऊ लेप एका खेपेत नांगरला गेला असता, म्हणून पास्कलनी बाभळीचा काटा तासून सुईच्या जागी बसवला. तबकडी संपली की बायका ओळ धरून ठेवत, चावी देऊन होईपर्यंत. आणि ती रिकामी जागा आली तेव्हा पंधरा-वीस बायकांनी एका दमात हिराचं नाव त्यात असं घातलं की चांगुणाबायने दोन्ही कान दाबून धरले. पुढे त्यांनी लिहिलं होतं की काटा कितीही हलका असला तरी दरवेळी थोडं खरवडतोच. वीस-पंचवीस लग्नं निघतील, मग नुसती खरखर. 'तोवर हिराला पाठ होईल,' असं शेवटी होतं.

म्हणजे आवाज अमर होण्याची मुदत सुमारे वीस-पंचवीस लग्नं. मी अमरत्वाबद्दल पुष्कळ वाचलं आहे. एवढा नेमका आकडा कुणी दिलेला नाही. आणि आकडा संपल्यावर पुढे काय, याचीही सोय त्या गावाने करून ठेवली आहे. कुणीतरी ओळ धरून ठेवायची, हवी ती वस्तू येईपर्यंत.

आमच्या वाचनालयाच्या ध्वनिमुद्रिका विभागात आज एकूण एक तबकडी आहे. तिच्यावर ग्रंथपालाचं लग्न आहे, अर्धं. नोंदवहीत मी ती 'वनस्पतिशास्त्र' या सदराखाली घातली आहे. अद्याप कुणी मागितलेली नाही.